मूलद्रव्यांचा बायोडाटा

मराठी माणूस निर्जीव वस्तूंना बोलतं करण्यात पटाईत आहे. शाळेत त्याने फाटक्या पुस्तकाचं, पडक्या वाड्याचं आणि चुरगळलेल्या नोटेचं आत्मवृत्त लिहून दहापैकी सात गुण मिळवलेले असतात. त्यामुळे ‘मी चांदीसारखा चकाकतो पण चांदी नव्हे, मी धातू आहे पण वाटीत ओतता येतो, ओळखा पाहू मी कोण?’ असं पाऱ्याने विचारलं, तरी त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. तो फक्त बक्षीस काय आहे ते विचारतो.

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात हा प्रकार शिरला तो सांस्कृतिक समितीमुळे. अंताक्षरीत दर वर्षी ‘ठ’वरून तेच एक गाणं येतं आणि ते आधी कुणी सुरू केलं यावरून तेच दोन मजले भांडतात. म्हणून यंदा काहीतरी ज्ञानवर्धक व्हावं असं ठरलं, आणि प्रश्न काढायचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजात केमिस्ट्री घेतलेला माणूस आणि घरी उंच शिडी असलेला माणूस, या दोघांना सोसायटीत नाही म्हणायची सोय नसते.

विषय ठरला : मूलद्रव्य ओळखा. त्याचा उपयोग सांगायचा, शोध कसा लागला ते सांगायचं आणि समोरच्याने नाव सांगायचं. कागदावर हे लग्नाच्या बायोडाटासारखं सुटसुटीत दिसतं. जन्म अमुक साली, वर्ण चकचकीत, नोकरी अमुक ठिकाणी. बायोडाटात जसं असतं तसंच इथेही असतं : लिहिलेलं सगळं खरं असतं, आणि तेवढ्यावर विसंबून कुणी होकार देऊ नये.

पहिला प्रश्न सोपा म्हणून ठेवलेला. ‘मी रोजच्या मिठात असतो.’ एका मुलाने सोडियम सांगितलं. बरोबर. त्याच्या बहिणीने क्लोरीन सांगितलं. तेही बरोबर. तळमजल्यावरच्या आजींनी मिठाच्या पिशवीवर रोज वाचलेलं आयोडीन सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना डॉक्टरांनी ब्लडप्रेशरचं वेगळं मीठ लावून दिलंय, त्यांनी मोठ्या अभिमानाने पोटॅशियम सांगितलं. चारही उत्तरं बरोबर, आणि बक्षिसाची कंपासपेटी एक. शेवटी ती आजींना दिली. आजींनी त्यातला कर्कटक लगेच पदराच्या टोकाशी गुंडाळून ठेवला, कशासाठी ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आयोडीनचं म्हणाल तर ते मिठासाठी सापडलंच नव्हतं. १८११ साली बर्नार कुर्त्वा नावाचा फ्रेंच गृहस्थ समुद्रशेवाळाच्या राखेशी खटपट करत होता, कारण नेपोलियनच्या लढायांना बंदुकीची दारू कमी पडत होती आणि दारूला सोरा लागत होता. एके दिवशी राखेत गंधकाम्ल जरा जास्त पडलं आणि भांड्यातून जांभळी वाफ उठली. पुढे युद्ध संपलं, सोऱ्याचा धंदा बसला, आयोडीनवर पैसा दुसऱ्यांनीच केला आणि कुर्त्वा गरिबीतच वारला. आपण मात्र आमटी आळणी झाली म्हणून कुरकुरतो.

दुसरा प्रश्न : ‘मी अंधारात चमकतो.’ सगळा मंडप एका सुरात ओरडला, ‘रेडियम!’ यात त्यांचा काही दोष नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, एसटी स्टँडच्या आसपास एक रेडियमवाला बसलेला असतो. टेम्पोच्या मागे ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’, बुलेटच्या टाकीवर वाघ आणि नंबरप्लेटवर ‘दादा’ वाचला जाईल असा ४१४१ हे सगळं तो रेडियममध्ये कापून देतो. तिकडे मेरी क्यूरीने गळक्या शेडमध्ये पिचब्लेंडचा गाळ टनावारी उकळला, ढवळला, आणि १९०२ साली त्यातून एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड हाती आलं. आमच्या रेडियमवाल्याकडे ते गुंडाळीने असतं आणि तो ते कटरने कापतो. वास्तविक ती पट्टी स्वतः चमकतही नाही, मागून येणाऱ्या गाडीचा उजेड त्या गाडीलाच परत करते. आणि हे बरंच आहे. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांना खरंखुरं रेडियम लावणाऱ्या मुली कुंचल्याला टोक काढायला तो ओठांत धरायच्या, त्यातल्या कित्येकींचे जबडे झडले, कित्येकींचे जीव गेले. तालुक्याच्या रेडियमवाल्याला दीर्घायुष्य लाभतं ते त्याच्याकडे रेडियम नसल्यामुळे.

पण खरी जुंपली ती दिव्यावरून. प्रश्न एवढाच होता : ‘मी दिव्यात बसून उजेड देतो.’

मंडपातले सगळ्यात वयस्कर आजोबा उठले आणि म्हणाले, ‘बत्तीच्या मॅन्टलमध्ये असायचं ते. आता नाव आठवत नाही, पण वडिलांचा मार आठवतो.’ म्हणजे थोरियम. ज्यांनी पेट्रोमॅक्सची बत्ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो : मॅन्टल ही एक छोटी जाळीदार पिशवी असते. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि राखेचा सांगाडा उरतो, आणि तो सांगाडाच तापून लखलखतो. फुंकर लागली, बोट लागलं, की ढासळलाच. म्हणून बत्तीभोवती मुलं आणि मुलांभोवती वडील, अशी रचना असायची. हा सांगाडा ९९ टक्के थोरियमच्या ऑक्साइडचा आणि १ टक्का सेरियमच्या. ते प्रमाण जमवलं ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी. मॅन्टलसाठी थोरियम हवं म्हणून जगभर शोधाशोध चालली होती, आणि १९०९ च्या सुमारास शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइटचे कण दिसले. मोनाझाइटमध्ये थोरियम. दोरखंडाचा धंदा बघायला गेलेल्या नजरेला अख्खा किनारा सापडला! पुढे होमी भाभांनी देशाचा अणुकार्यक्रम तीन टप्प्यांत आखला, तेव्हा तिसरा टप्पा याच थोरियमच्या भरवशावर ठेवला. तो टप्पा यायचा तेव्हा येईल. आमच्या आजोबांच्या वरातीत मात्र ते थोरियम एक गडी डोक्यावर घेऊन चालला होता.

आजोबा बसतात न बसतात तोच त्यांचे चिरंजीव, म्हणजे साठीतले काका, उभे राहिले. ‘बाबा, हे काहीतरीच तुमचं. दिव्यात टंगस्टन असतं.’ त्यांच्या मते दिवा म्हणजे गोल, काचेचा, छताला वायरने लटकणारा आणि गेला की कानाशी हलवून बघायचा. तार तुटली असेल तर आत किणकिण वाजते. टंगस्टन वितळायला ३,४०० अंश सेल्सियसच्या वर तापमान लागतं, म्हणून ते पांढरंफेक होईस्तोवर तापूनही तग धरतं आणि बहुतेक विजेची उष्णता करून थोडासा उजेड देतं. काकांच्या सौभाग्यवतींनी ट्यूबलाइटची आठवण काढली, म्हणजे पाऱ्याची वाफ. हायवेवरच्या पिवळ्या दिव्यांत सोडियम असतं, हे त्यांच्या ड्रायव्हिंग करणाऱ्या जावयाला ठाऊक होतं. जावई असल्यामुळे त्याचं उत्तर सर्वात आधी मान्य झालं.

आणि मग नातू म्हणाला, ‘गॅलियम.’

त्याने आयुष्यात जळणारी तार पाहिलेलीच नाही. त्याच्या घरातला प्रत्येक दिवा एलईडी, आणि त्यात गॅलियम नायट्राइड. निळा उजेड देणारा हा डायोड बनवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, हेही त्याने जाता जाता सुनावलं. आजोबा, वडील, आई, मेहुणा आणि मुलगा असे एकाच घरातले पाच जण पाच उत्तरांसाठी एकमेकांशी बोलेनासे झाले. मी तोडगा काढला तो असा : निळ्या एलईडीचा उजेड पांढरा करायला त्यावर जो पिवळा लेप देतात, त्यात थोडंसं सेरियम असतं. मॅन्टलमध्ये एक टक्क्यावर बसलेलं तेच हे सेरियम. आजोबांनी नातवाकडे असं पाहिलं, जणू वडिलोपार्जित जमिनीचा उतारा सापडलाय. काका मात्र दोन्हीकडून सुटले. मधल्या पिढीचं असंच होतं.

उपयोगांनी दगा दिला म्हणून मी शोधांकडे वळलो. शोधाला तारीख असते, माणूस असतो, निदान पुरावा असतो, असा समज.

सोनं, तांबं, लोखंड यांचा शोध कुणी लावला हा प्रश्न बाद करावा लागला, कारण त्यांचा शोधक इतिहासाला माहीत नाही. त्यावर दुसऱ्या मजल्यावरचे तांबे आणि लोखंडे यांनी आपापल्या घराण्यातर्फे सौम्य हक्क नोंदवले. पितळे यांनीही हात वर केला होता, पण पितळ हे मूलद्रव्य नसून तांबं आणि जस्ताचं मिश्रण आहे असं सांगून त्यांना खाली बसवलं. ते अजून माझ्याशी तुटकच वागतात.

मग ऑक्सिजन घेतला. शोध कोणी लावला? जोसेफ प्रीस्टली म्हणावं, तर १ ऑगस्ट १७७४ रोजी भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याच्या लाल भस्मातून त्यांनी तो काढला खरा, स्वतः हुंगूनही पाहिला, पण हे एक स्वतंत्र मूलद्रव्य आहे हे त्यांना मरेपर्यंत पटलं नाही. कार्ल शेले म्हणावं, तर स्वीडनच्या या औषधविक्याने तो आधीच काढला होता, पण पुस्तक छापखान्यात अडकलं आणि १७७७ साल उजाडलं. लाव्हॉझिए म्हणावं, तर त्यांनी फक्त ओळखलं की हे काय आहे. पण नुसता श्वास घेणं आणि काय घेतोय ते कळणं यात फरक आहेच. प्रीस्टलीने पॅरिसला जाऊन जेवणाच्या टेबलावर आपला प्रयोग लाव्हॉझिएला सांगून टाकला होता. जेवताना महत्त्वाचं बोलू नये असं आपल्याकडे मोठी माणसं सांगतात, ती उगीच नाही.

यात न्याय कुणालाच मिळाला नाही असंही म्हणता येत नाही, कारण अन्याय तिघांवर सारखाच झाला. प्रीस्टलीचं घर १७९१ साली बर्मिंगहॅमच्या जमावाने जाळलं. लाव्हॉझिएचं डोकं १७९४ मध्ये गिलोटीनखाली गेलं. शेलेला तर हाती येईल ते रसायन चाखून बघायची सवय होती. तो त्रेचाळिसाव्या वर्षी गेला यात नवल नाही, त्रेचाळीसपर्यंत टिकला यात आहे. क्लोरीनसुद्धा त्यानेच काढला. आमच्या समितीच्या अध्यक्षांनी तिघांनाही एकेक गुण विभागून द्यावा अशी सूचना केली. ते सहकारी बँकेतून निवृत्त झालेत. मी मात्र प्रीस्टलीला पाव गुण जास्त दिला, कारण सोडावॉटर त्याचंच, आणि त्याबद्दल सोसायटीत गच्चीवर बसणाऱ्या मंडळींच्या भावना तीव्र होत्या.

हेलियमच्या वेळी समोरून थेट युद्धच पुकारलं गेलं. प्रश्न वाचून व्हायच्या आत देवगडकडचे एक गृहस्थ उभे राहिले. ‘त्येचो शोध आमच्या विजयदुर्गार लागलो हा. साहेबाचे ओटे आसत ना थय!’

ओटे आहेत, हे खरं. किल्ल्यावर जाऊन त्यावर बसून फोटो काढता येतात. दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. १८ ऑगस्ट १८६८ ची खग्रास सावली दख्खनवरून गेली हेही खरं, जमखंडीला इंग्रज आपली उपकरणं लावून बसलेच होते. गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन बसले होते, आणि सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. भानगड एवढीच की ओट्यांचे साहेब, म्हणजे नॉर्मन लॉकयर, त्या दिवशी इंग्लंडात होते. त्यांनी ग्रहण नसतानाच, ऑक्टोबरात, घरबसल्या सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला आणि तिथली पिवळी रेषा सोडियमची नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. जान्सेनचं पत्र आणि लॉकयरचं पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचलं, आणि फ्रेंचांनी भांडण नको म्हणून दोघांचे चेहरे एका पदकावर काढले. विजयदुर्गाला साहेब आले, दुर्बिणी आल्या, आरमारी जहाजावरचे खलाशी हाताशी घेतले, ओटे झाले, सगळं झालं. पण ते १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला. तोवर हेलियम तीस वर्षांचा घोडनवरा झाला होता, आणि १८९५ मध्ये विल्यम रॅम्झींनी त्याला एका युरेनियमच्या खनिजातून पृथ्वीवरही हुडकून काढलं होतं.

हे सगळं मी त्या गृहस्थांना नीट सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग त्येका ओटे कित्याक बांधूचे लागले?’

कोकणी माणसाच्या प्रश्नाला उत्तर देता येतं असं मानणाऱ्याने कोकणात जमीन घेऊन बघावी. मी त्यांना अर्धा गुण दिला. विजयदुर्गाने बोटीएवढे वजनदार शत्रू अंगावर घेतलेत. त्याला जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या हलक्या वायूचं श्रेय थोडं जास्त मिळालं तर बिघडलं काय?

फॉस्फरसचा प्रश्न मात्र मीच गाळला. आगपेटीत असतो, तोही काडीत नव्हे तर पेटीच्या कडेच्या लालसर पट्टीत, इथपर्यंत ठीक होतं. पण शोध कसा लागला? हाम्बुर्गच्या हेनिग ब्रांट यांना १६६९ साली परीस करायचा होता. सोनं पिवळं असतं. आणखी काय पिवळं असतं, याचा त्यांनी विचार केला आणि जे सुचलं ते बादल्याच्या बादल्या गोळा करून, कुजवून, आटवत बसले. हे सगळं बायकोच्या पैशावर. अखेर भांड्यात सोनं नाही, अंधारात आपोआप चमकणारं मेणासारखं काहीतरी उरलं. मूर्तीसमोर, नैवेद्याच्या ताटाशेजारी उभं राहून हे माइकवरून सांगणं मला जमेना. शिवाय अंधारात चमकणारं म्हटल्यावर सगळे पुन्हा रेडियम म्हणाले असते.

या सगळ्या गोंधळात एकच माणूस असा, ज्याने बायोडाटा मुलगा जन्मायच्या आधी लिहिला. मेंडेलीव्ह. १८७१ साली त्यांनी आपल्या तक्त्यात काही घरं रिकामी ठेवली आणि तिथे कोण येणार, त्याचं वजन काय, घनता काय, स्वभाव कसा, हे लिहून टाकलं. अॅल्युमिनियमखालच्या रिकाम्या घराला त्यांनी ‘एक-अॅल्युमिनियम’ म्हटलं, ते ‘एक’ चक्क संस्कृतातलं. चार वर्षांनी फ्रान्समध्ये लकोक द बोआबोद्रां यांना गॅलियम सापडलं. त्यांनी घनता मोजली, ४.७ आली. मेंडेलीव्हने ते गॅलियम बापजन्मात पाहिलेलं नव्हतं, तरी रशियातून कळवलं की तुमचा नमुना शुद्ध नाही, पुन्हा मोजा, ५.९ च्या आसपास यायला हवी. बोआबोद्रांनी पुन्हा शुद्ध करून मोजली. ५.९ आली. अशी सोयरीक जमवणारा माणूस आपल्याकडे असता तर पंचक्रोशीत एकही लग्न मोडलं नसतं, आणि एकाही घरात त्याला कुणी चहाला बोलावलं नसतं. गॅलियम तीस अंशांच्या आतच वितळतं, त्यामुळे त्याचा चमचा चहात घातला की चमचा जातो. मुंबईत तर तो चहाविनाही दुपारपर्यंत जाईल. मेंडेलीव्हला नोबेल कधीच मिळालं नाही. १९०६ साली त्यांच्याऐवजी ते मिळालं फ्लोरिन वेगळा करणाऱ्या म्वासाँना. फ्लोरिन टूथपेस्टमधून दातांना मिळतो, तेवढं त्यातलं समाधान.

पत्रिकेवर विश्वास असणाऱ्यांसाठी मी एक खास प्रश्न राखून ठेवला होता. अॅल्युमिनियम एके काळी इतकं महाग होतं की तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारात त्याचे काटे-चमचे खास पाहुण्यांसाठी निघत. मग १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांना न विचारता विजेने ते स्वस्तात काढायची एकच रीत शोधली. दोघांचाही जन्म १८६३ चा आणि दोघांचाही मृत्यू १९१४ चा. हे ऐकताच ज्योतिष बघणाऱ्या वहिनींनी दोघांची जन्मवेळ विचारली. महिने वेगळे आहेत म्हटल्यावर त्या निराश झाल्या, पण म्हणाल्या, ‘शनी तिथेच असणार.’ त्यांच्या घरी हिंडालियमची सगळी भांडी आहेत.

शेवटचा प्रश्न मुलांनीच तयार केला होता, ११८ व्या मूलद्रव्यावर. ओगानेसन. रशियातल्या दुब्ना इथे २००२ मध्ये कॅलिफोर्नियमवर कॅल्शियमचा मारा करून त्याचा पहिला अणू तयार केला. आजवर हातांच्या बोटांवर मोजावेत इतकेच अणू झालेत आणि प्रत्येक जण पापणी लवायच्या आतच गेलेला आहे. त्याला २०१६ साली ज्यांचं नाव दिलं ते युरी ओगानेसियान तेव्हा स्वतः हयात होते, हे मुलांना फार आवडलं होतं. माइक हातात घेऊन एक चिमुरडी स्पष्ट उच्चारात म्हणाली :

‘मला तयार करायला अफाट खर्च येतो. पुष्कळ तज्ज्ञ वर्षानुवर्षं माझ्यासाठी बैठका घेतात. मी आलो असं जाहीर होतं, पण मला डोळ्यांनी कुणी पाहिलेलं नाही. माझा आजवर कुणालाही काडीचा उपयोग झालेला नाही. आणि मी आलो म्हणेपर्यंत गेलेला असतो. ओळखा पाहू मी कोण?’

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, ‘सोसायटीचा दुरुस्ती निधी!’

टाळ्या थांबेनात. परीक्षक या नात्याने मी सेक्रेटरींकडे पाहिलं, सेक्रेटरींनी खजिनदारांकडे पाहिलं, आणि खजिनदारांनी आरतीची वेळ झाल्याचं जाहीर केलं.